समुद्राकडची भिंत

मी थाप अर्ध्यावर सोडून दिली, असं माझ्या आयुष्यात एकदाच घडलं. आगरदांड्याच्या धक्क्यावर, जानेवारीतल्या एका सकाळी. दिघीला जाणारी फेरीबोट यायची होती आणि पुण्याचं एक कुटुंब गाडीतून उतरून कोवळं ऊन खात उभं होतं. माणसं दिसली, ती पुण्याची दिसली, आणि बोटीला उशीर आहे असं दिसलं, की माझ्या जिभेला आवर राहत नाही. याच खाडीतल्या एका सुरमईनं फेरीबोटीचा दोर गिळून अख्खी बोट, गाड्यांसकट, श्रीवर्धनपर्यंत कशी ओढत नेली होती ते मी त्यांना सांगत होतो. सुरमई अजून वळणाला लागायची होती, तोच खिशातला फोन वाजला. पलीकडून कुमुदबाईंचा पुतण्या बोलत होता. ‘मास्तर, आत्या गेली. पहाटे.’ मी ‘बरं’ म्हणालो. अशा वेळी माणूस ‘बरं’ का म्हणतो कोण जाणे… फोन खिशात ठेवला, तर पुण्याची ती छोटी मुलगी माझ्या सदऱ्याचं टोक ओढत होती. ‘काका, मग पुढं काय झालं?’ म्हटलं, ‘काही नाही बाळा. दोर तुटला.’

फेरी आली, भरली, गेली. पलीकडे बारशाला जायचं होतं, ते राहून गेलं. मी बाकावरच बसून राहिलो. खरं सांगायचं तर, आणि हे शब्द मी जपून वापरतो, मला रडू आलं नाही. दमल्यासारखं झालं. कोणीतरी माझ्या खांद्यावर सिमेंटची गोणी ठेवून, ‘धरा हां, आलोच,’ म्हणून निघून गेल्यासारखं. ती गोणी अजून उतरलेली नाही, म्हणून हा लेख.

कुमुदबाईंनी आणि मी एकाच हायस्कुलात हयात काढली. खाडीच्या तोंडाशी आमचं गाव आहे आणि गावाबाहेरच्या टेकाडावर शाळा. त्या विज्ञान आणि भूगोल शिकवायच्या, मी मराठी आणि पी.टी., म्हणजे मुलांना आधी पळवायचं आणि मग धाप लागलेली असतानाच ‘माझा आवडता ऋतू’ लिहायला बसवायचं. पुढं त्या मुख्याध्यापिका झाल्या, मी मास्तरच राहिलो, आणि ते दोघांच्याही तब्येतीला मानवलं. त्यांनी लग्न केलं नाही. भावाच्या कुटुंबाबरोबर सुपारीच्या वाडीत राहायच्या. चण अशी बारीक, की पावसाळ्यात त्यांनी छत्री उघडली की मी मागून त्यांची पिशवी धरून ठेवायचो, नाहीतर बाई थेट जंजिऱ्यावर उतरल्या असत्या. हे मी त्यांच्यासमोरसुद्धा सांगायचो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, ‘मास्तर, निम्मं करा.’ मी काहीही सांगितलं की निम्मं करा. लग्नाला हजार माणूस होतं म्हटलं की निम्मं करा. एकदा मला ताप भरला आणि मी आकडा सांगितला, तेव्हाही तेच. ‘तुमच्या तोंडाला मीटर बसवला असता तर तालुक्याची वीज एकट्यानं संपवली असतीत,’ असं त्या शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत म्हणाल्या होत्या. मला ते पदक मिळाल्यासारखं वाटलं होतं.

विजेवरून आठवलं… आठवलं कसलं, बाईंचा विषय निघाला की दुसरं काही येतच नाही. दिवसाउजेडी जळणारा दिवा त्यांना बघवत नसे. परक्याच्या घरी गेल्या तरी पाणी प्यायच्या आधी बटण बंद. एका लग्नात भर दुपारी नवरानवरीवर सोडलेले भलेमोठे दिवे त्यांनी स्वतः जाऊन मालवले, आणि फोटोवाला ओरडला तेव्हा त्याला म्हणाल्या, ‘अरे, बारा वाजताच्या उन्हात पोरीवर एवढे दिवे? ती काय मिरची आहे, वाळत घातलीयस?’ दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे बघत असताना त्यांनी त्याच्या मागचा दिवा बंद केला, हे मात्र मी थोडं वाढवून सांगतोय. आणि आमच्या टेकाडावरचे काजवे बाई येताना दिसल्या की आपण होऊन विझायचे, हे तर गावात कोणालाही विचारा.

पण त्यांना नुसतंच चिक्कू समजू नका. होत्या थोड्या चिक्कू, चहापत्ती दोनदा उकळायच्या आणि तो चहा मला पाजायच्या. पण बटणं बंद करत फिरणं ही त्यांच्या लेखी वीज वाचवणं नव्हतंच. ते नुसतं सारवासारव करणं. ‘मास्तर, बटण लागूच नये अशी खोली बांधायची असते,’ असं त्या म्हणायच्या. आणि अशी खोली आमच्याकडे होती. जुनी शाळा. कौलारू, दोन्ही अंगांना पडवी, मध्ये वर्गांची रांग आणि प्रत्येक वर्गाला समोरासमोर खिडक्या. एक बाजू डोंगराकडे, एक समुद्राकडे. आमच्या किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, त्याला मतलई म्हणतात, आणि उन्हं वर आली की तो फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा येतो. पुस्तकात हा धडा आहे. बाई तो शिकवायच्या नाहीत, चालवायच्या. सकाळी डोंगराकडच्या खिडक्या सताड, समुद्राकडच्या अर्ध्या. वारा फिरला की उलट. कौलांत मधेमधे काचेची कौलं बसवलेली, त्यांतून उजेडाचे चौकोन फळ्यावर पडायचे आणि दिवसभर सरकत राहायचे. वर्गात पंखा नव्हता. दिवा नव्हता. गेल्या पिढीत कोणाला तो हवासाही वाटला नव्हता.

मग ते वादळ आलं आणि शाळेचं छप्पर घेऊन गेलं. मी सांगत असे की आमची कौलं रेवसपर्यंत उडाली आणि एक तर लाँचमधून तिकीट काढून भाऊच्या धक्क्याला उतरलं. बाई तेव्हा ‘निम्मं करा’ म्हणाल्या नाहीत. उघड्या भिंतींमध्ये, चिखलात पडलेली काचेची कौलं त्या वेचत होत्या. एकही अखंड नव्हतं.

त्या वेळी जगन धावून आला, आणि हे मी मनापासून लिहितो. जगन आमच्या दोघांचाही विद्यार्थी. नवी मुंबईत बांधकामाच्या धंद्यात मोठा झालेला. वडील हसुराम नाखवा आमच्या कोळीवाड्यातले नावाजलेले होडीवाले, नुकतेच गेले होते. जगन म्हणाला, बाबांच्या नावानं शाळा मी बांधून देतो. आणि दिली. इतक्या झपाट्यानं की सकाळी पाया खणलेला आम्ही पाहिला आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावर सातवीचा वर्ग भरला… बरं, निम्मं करा. पण झपाट्यानं. स्लॅबची, दुमजली, गुळगुळीत फरशीची.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दर्यावरून परतणाऱ्या माणसाला आपलं घर लांबून ओळखू यावं म्हणून इथं घराची समुद्राकडची भिंत सगळ्यात भडक रंगवतात. दाराकडची बाजू पोपडे धरलेली असेल, पण खाडीकडची भिंत जांभळी, पिवळी, पोपटी. त्या रीतीनं शाळेचीही समुद्राकडची भिंत सजायला हवी होती. जगनच्या मनात आलं, गावाच्या मनात आलं, शाळेच्या कमिटीच्या तर फारच मनात आलं, की त्या भिंतीवर हसुराम नाखव्याचं नाव इतकं मोठं लिहायचं, की फेरीबोटीवरच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. उठावाची अक्षरं, एकेक माणसाएवढं. आणि अक्षरांच्या आड खिडक्या येऊ नयेत म्हणून त्या भिंतीला खिडक्याच ठेवल्या नाहीत. एकही नाही. ज्या अंगानं वारा येतो, ते अख्खं अंग नावानं बुजवून टाकलं. अशी चूक करायला मोठं शिक्षण लागत नाही की मोठा मूर्खपणा लागत नाही. त्याला आमच्याच गावची माया लागते.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही सगळे होडीत बसून भिंत बघायला खाडीत गेलो. खरोखर देखणी दिसत होती. टाळ्या वाजल्या. बाईंचे हात तेवढे मांडीवरच राहिले. परत येताना मला म्हणाल्या, ‘मास्तर, बोटीवरून शाळा छान दिसते. पण शाळा बोटीवर भरत नाही.’

त्या दिवसापासून बाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, त्या भिंतीत खिडक्या. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून त्यांनी स्वतःसाठी नवी चप्पलसुद्धा मागितलेली मला आठवत नाही. पण खिडक्या त्यांनी मागितल्या. कमिटीकडे मागितल्या, जगनकडे मागितल्या, पुन्हा कमिटीकडे मागितल्या. दरम्यान त्या खोल्यांचं काय झालं होतं ते बघा. भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय फळा दिसत नव्हता. पंखे सकाळी सुरू होत ते शाळा सुटेपर्यंत, आणि स्लॅबखालची तीच गरम हवा ढवळत राहत. लाईट गेली की पोरं वहीनं वारा घेत बसायची, आणि आमच्याकडे लाईट किती जाते हे मी सांगितलं तर कोणी निम्मं करणार नाही. सातवीतल्या एका मुलीला फळ्यापाशी उभ्या उभ्या घेरी आली, तेव्हा तिला उचलून बाहेर पडवीत… पडवी तरी कुठं राहिली होती? जिन्यात निजवलं.

जगन वाईट नव्हता. तो येऊन बसला, चहा प्यायला (दोनदा उकळलेला), आणि म्हणाला, ‘बाई, टेन्शन कायको? वरती सोलर टाकतो, प्रत्येक वर्गात एसी बसवतो. एकदम मक्खन. वीज आपलीच, बिलाची कटकटच नाय.’

बाई म्हणाल्या, ‘जगन, तुला मी सहावीत काय शिकवलं होतं? वारा कुठून येतो?’

‘समुद्राकडून, बाई.’

‘मग तो फुकट येतोय ना रे? त्याला अडवायचं, आणि मग उन्हाची वीज करून त्या विजेचा वारा करायचा. असलं उलटं गणित मी तुला शिकवलं नव्हतं.’

जगन हसला, मग त्याचा चेहरा पडला. ‘बाई, तिथं बाबांचं नाव हाय. तुम्ही बोलताय ते पटतं मला. पण नावावर हातोडा कसा चालवू? आईला काय तोंड दाखवू?’ बाईंनी त्याचा रिकामा कप उचलला आणि त्यात पुन्हा चहा ओतला. 

मग वर्षं गेली… वर्षं जातात तेव्हा आवाज होत नाही, हेच त्यांचं वाईट. याच काळात तालुक्याची निबंध स्पर्धा आमच्या शाळेत भरली. विषय, ‘ऊर्जाबचत : काळाची गरज’. झळाळत्या ट्यूबखाली, गरगरत्या पंख्यांखाली साऱ्या तालुक्याची पोरं घाम पुसत ऊर्जाबचतीवर लिहीत होती. बाई परीक्षक. त्यांनी गठ्ठा तसाच परत केला. म्हणाल्या, दिवसा दिवे लावून लिहिलेले हे निबंध मी तपासणार नाही. कमिटीनं ते मला तपासायला दिले. मी सगळ्यांना भरभरून गुण दिले, कारण सगळ्यांनी खोटं फार मनापासून लिहिलं होतं, आणि त्या कलेची मला कदर आहे.

बाई निवृत्त झाल्या. भिंत होती तशी. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल दिली, बंद हॉलमध्ये, मार्चअखेर. ती शाल अंगावर घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि एकच वाक्य बोलल्या, ‘माझं काम राहिलंय.’ लोकांना वाटलं, अभ्यासक्रम राहिला असेल.

हसुराम नाखव्याची पुण्यतिथी उन्हाळ्यात येते. दर वर्षी त्या दिवशी हिराबाय, म्हणजे नाखव्याची बायको, जगनची आई, शाळेत येऊन मुलांना खाऊ वाटते. वय झालंय, पण नाकात नथ, डोक्यात गजरा, आणि आवाज असा की तिनं बंदरावर हाक मारली की दिघीच्या होड्या वळून बघतात. एरवी हा कार्यक्रम खालच्या हॉलमध्ये व्हायचा, जगननं तिथं तेवढा एक एसी बसवला होता. गेल्या वर्षी बाईंनी, निवृत्त होऊनही, नव्या मुख्याध्यापकांना असं काही पटवलं की कार्यक्रम वरती सातवीच्या वर्गात ठेवला गेला, थेट त्या भिंतीला लागून. ‘नाखव्याच्या नावाच्या सावलीत बसू दे माउलीला,’ असं म्हणाल्या म्हणे. आणि नेमकी हिराबाय खुर्चीत बसली आणि लाईट गेली. मेन स्विच कोणी खाली ओढला, असं मला विचारू नका. त्या वेळी मी जिन्याखाली कशाला गेलो होतो, हेही विचारू नका.

खाऊचं राहिलं. पोरांचे चेहरे बघता बघता तांब्याचे झाले. हिराबाय पदरानं वारा घेत होती, मग पदरानं कपाळ पुसायला लागली, मग पुढच्या बाकावरच्या पोरीचं कपाळ पुसायला लागली. एकदम उठली. भिंतीपाशी गेली, तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

‘आगो बाय,’ ती कुमुदबाईंकडे वळली, ‘हे काय केलाव तुमी? आमी बोंबील सुदीक वाऱ्यावर टांगतो, आनि तुमी पोरां कोंडलीव?’

बाई शांतपणे म्हणाल्या, ‘मी नाही कोंडली, हिराबाय. पलीकडे नाव आहे.’

‘कुनाचा नाव?’

‘नाखव्याचं.’

 जिन्यातून धापा टाकत वर आल्यापासून मी दारातच उभा होतो. हिराबाय त्या भिंतीकडे बघत राहिली. आतल्या बाजूनं ती नुसती कोरी, चुन्याची भिंत होती. तिनं तिथूनच जगनला फोन लावायला लावला, आणि फोन कानाला न लावता, हातात समोर धरून बोलली, म्हणजे सगळ्या वर्गाला, बहुधा सगळ्या टेकाडाला ऐकू गेलं.

‘जगन्या, भिंतीला बारी पाड.’ बारी म्हणजे खिडकी.

‘आये, बाबांचं नाव तुटेल.’

‘आरं, तुज्या बापाला त्यातलं येक अक्षर वाचता येत न्हवतं! वारा कुटला हाय तेवडं त्याला कलायचं. जनमभर वाऱ्यावर पोट भरलान त्यानं, आनि त्याच्याच नावानं तू वारा आडवतंस? न्हाय चालनार. आयकतंस ना?’

 जगन म्हणाला, ‘व्हय आये.’ नवी मुंबईत इतकी वर्षं काढून त्याच्या तोंडून कोळीवाड्यातला ‘व्हय’ निघालेला मी त्या दिवशी ऐकला.

दिवाळीच्या सुट्टीत भिंत फोडली. आमच्या गावातले अर्धे पुरुष आणि सगळ्या बायका बघायला जमल्या होत्या. जगन स्वतः आला आणि पहिलं अक्षर त्यानं स्वतः उतरवलं, बायकामाणसांसमोर डोळे पुसत. आता नाखव्याचं नाव शाळेच्या दाराशी एका पाटीवर आहे, तळहाताएवढ्या अक्षरांत. बोटीवरून ते दिसत नाही. बोटीवरून खिडक्या दिसतात.

सुट्टी संपल्यावर मी बाईंना रिक्षानं शाळेत घेऊन गेलो. तोवर त्यांना धाप लागायला सुरुवात झाली होती. जिना चढताना तीनदा थांबल्या आणि दर वेळी मला वाटावं की त्या बांधकाम तपासायला थांबल्यात, असा चेहरा केला. सातवीचा वर्ग भरलेला होता, त्यात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल, निदान एखादं बरं वाक्य येईल. बाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, ‘चौकटी लाकडाच्या हव्या होत्या. हे ॲल्युमिनियम खाऱ्या हवेत टिकायचं नाही. आणि पलीकडच्या खिडक्यांना कड्या कुठायत?’ म्हटलं, ‘बाई, जिंकलात हो तुम्ही, जरा हसा तरी.’ त्यावर म्हणाल्या, ‘मास्तर, किती पोरं या खोलीतून भाजून गेली त्याच्यानंतर आपण जिंकलोय. हसायचं कशाला?’ मी चिडून रिक्षा बघायला खाली निघून गेलो.

शेवटची भेट पनवेलकडच्या एका मोठ्या इस्पितळात. पुष्कळ नळ्या, थंडगार खोली, भिंतभर काच. मी त्यांना हसवायचं ठरवून गेलो होतो. वाटेत आमच्या एसटीला मगरीनं कसा हात दाखवला ते सांगायला लागलो. त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. काचेकडे बोट केलं. ‘ती उघडत नाही हो,’ म्हणाल्या. मी उठून सगळीकडून चाचपली. खरंच उघडत नव्हती, तिला कडीच नव्हती. परत येऊन बसलो. ‘नाही उघडत,’ म्हटलं. आम्ही दोघंही बराच वेळ त्या काचेकडे बघत बसलो… माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब गप्प बैठक. नंतर नर्सनं मला बाहेर काढलं.

दहाव्या-बाराव्याचं सगळं झालं आणि शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा भरली. शोकसभांचा मला आता कंटाळा आलाय. माझ्या वयात आठवड्याला एक असते, आणि प्रत्येक वेळी तेच लोक, तीच सतरंजी आणि ‘भरून न येणारी पोकळी’. पण त्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष उठले आणि त्यांनी ठराव मांडला. बाईंच्या स्मरणार्थ वरच्या सातवीच्या वर्गात संगमरवरी फलक बसवायचा, बाईंचा चेहरा कोरलेला, आणि फलकावर अखंड जळणारा एक छोटा दिवा. कुठं बसवायचा? तर समुद्राकडच्या मधल्या खिडकीत. ‘ती तेवढी बुजवून घेऊ. बाकीच्या आहेतच की,’ अध्यक्ष म्हणाले. ‘आणि बोटीवरूनसुद्धा दिसेल, दिवा आहे ना.’ टाळ्या वाजल्या. लोकांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. जगनसुद्धा मान हलवत होता. प्रेमानं माणसं काय काय बुजवतात!

मी उठलो. गुडघे नको म्हणत होते, पण उठलो. आणि म्हणालो, ‘मंडळी, मी बाईंना शेवटचा इस्पितळात भेटलो. त्यांनी माझा हात धरला आणि माझ्याकडून शपथ घेतली. म्हणाल्या, मास्तर, हे लोक माझ्या नावानं काहीतरी बांधायला निघतील. त्यांना सांगा, माझ्या नावाची एक जरी वीट त्या भिंतीत चढली, तर मी रोज येऊन शाळेच्या फ्यूजा काढून नेईन. आणि माझ्या फोटोवर दिवा लावलात, तर तो मालवायला मी कोणत्याही वेळी येईन, कोणाच्याही अंगात.’

सभा आधी दचकली, मग हसली, मग रडली. अध्यक्षांनी ठराव मागं घेतला. म्हणाले, ‘अगदी बाईंचंच बोलणं. काय बाई होत्या!’ माझ्या तोंडून बाहेर पडलेल्या गोष्टींपैकी गावानं जशीच्या तशी गिळलेली ही एकच. आता हे छापून आल्यावर अध्यक्ष माझ्यावर चिडतील. चिडू देत. ठराव पुन्हा मांडायला कमिटीची बैठक लागेल, आणि पुरेशी माणसं जमून आमच्या कमिटीची बैठक होण्यापेक्षा सुरमईनं बोट ओढून नेणं सोपं.

सभेनंतर काही दिवसांनी, कारण नसताना, मी शाळेत गेलो. जिना चढताना तीनदा थांबलो. सातवीचा वर्ग चालू होता. शिकवणारी मुलगी नवी, घाटावरून आलेली. तिनं मला शेवटच्या बाकावर बसवलं. सकाळचा मतलई डोंगराकडच्या खिडक्यांतून येत होता, ट्यूब बंद, पंखे बंद, मुलं काहीतरी लिहून घेत होती. मग उन्हं चढली तसा वारा मंदावला, आणि पडला. एक वारा संपलेला असतो आणि दुसरा अजून आलेला नसतो, तेवढा तो वेळ. समुद्रावर त्या वेळी शिडंसुद्धा लोंबकळतात. आणि त्या वर्गातल्या एकूण एक मुलानं पेन खाली ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. हात बाकावर, तोंडं समुद्राकडच्या खिडक्यांकडे, आणि गप्प.

मी बाईंना, म्हणजे त्या नव्या मुलीला, खुणेनंच विचारलं, हे काय? ती माझ्याजवळ येऊन कुजबुजली, ‘दिवाळीनंतर तुमच्या बाई आल्या होत्या ना, तुम्ही रिक्षा बघायला गेला होता तेव्हा. वारा पडला तर मुलं पंखा लावायला उठली. त्या म्हणाल्या, थांबा, येतोय तो. पेनं खाली ठेवा, लिहीत राहिलात तर तो आलेला कळणार नाही. तेव्हापासून रोज असंच. मीही थांबते आता.’

मी काहीतरी बोलणार होतो. माझ्याकडे बोलायला नेहमीच काहीतरी असतं. एका मुलानं मागं वळून ओठांवर बोट ठेवलं, तसा मीही हात बाकावर ठेवले आणि त्या खिडक्यांकडे बघत राहिलो. घामाचा एक थेंब कानामागून उतरला. खाली दूर फेरीबोटीचा भोंगा झाला. कोणी हललं नाही.

मग पुढच्या बाकावरच्या एका वहीचं पान जरासं उचललं गेलं, पुन्हा बसलं, आणि उलटलं.